मावशीचा प्रश्न आणि ई६ची पट्टी : विषाणू पेशीत कुणाचा हात धरतो?

कोल्डरूम | सोमवार, रात्री १०:५०

माझ्या मावशीला २०१६ साली गर्भाशयमुखाचा कॅन्सर झाला. परळला रेडिएशन चालू असताना तिला कुणीतरी सांगितलं की हा विषाणूमुळे होतो. घरी येताना टॅक्सीत तिनं मला विचारलं, "विषाणूनं सर्दी होते, ताप येतो, चार दिवसांत उतरतो. त्यानं गाठ कशी होईल गं?" मी तेव्हा एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. "त्याचा डीएनए आपल्या डीएनएत घुसतो" असं काहीतरी पुस्तकातलं बोलले. ती खिडकीबाहेर बघत राहिली. तिला पटलं नव्हतं आणि मीही उत्तर दिलेलं नव्हतं.

आता त्याच विषाणूच्या एका प्रथिनावर माझी पीएचडी चालू आहे, नवी मुंबईत. तिसरं वर्ष संपत आलंय. गेल्या मंगळवारी रात्री साडेनऊला मेम्ब्रेनवर (प्रथिनं ओळखायच्या चाचणीतला पातळ पडदा) जिथे पट्टी यायला हवी तिथे आली, आणि जिथे यायला नको तिथे आली नाही. हार्बरच्या गाडीत बसल्या बसल्या ठरवलं की मावशीला आता नीट उत्तर लिहायचं. लिहितेय तिच्यासाठी, पण टाकतेय इथे. इथे प्रश्न विचारणारे आहेत आणि चूक दाखवणारेही.

आधी विषाणूकडे सामान किती ते बघू. मावशीच्या गाठीमागचा हा विषाणू म्हणजे एचपीव्ही, ह्युमन पॅपिलोमा व्हायरस. त्याचा सगळा जनुकसंच म्हणजे डीएनएची एक गोल माळ, सुमारे आठ हजार अक्षरांची. आपल्या पेशीत तीनशे कोटींच्या वर अक्षरं आहेत. आठ हजारांत जेमतेम आठ-नऊ प्रथिनं बसतात. डीएनएची नक्कल करणारं यंत्र त्यात बसत नाही, ते पेशीचंच वापरावं लागतं. अडचण अशी की हा विषाणू त्वचेच्या नाहीतर अस्तराच्या ज्या पेशींत राहतो त्या वरच्या थराकडे सरकल्या की विभाजन थांबवतात. यंत्र बंद, दिवे बंद. विषाणूला ते चालू ठेवायचं असतं.

त्यासाठी त्याच्याकडे दोन लहान प्रथिनं आहेत. ई७ हे अवघ्या ९८ अमिनो आम्लांचं (प्रथिनाच्या साखळीतल्या कड्या). पेशीत आरबी नावाचं एक प्रथिन विभाजनाच्या यंत्राला कुलूप लावून बसलेलं असतं, ई७ त्यालाच जाऊन चिकटतं. कुलूप सुटतं, पेशी डीएनए बनवायला लागते. पण अवेळी असं काही सुरू झालं तर पेशीत दुसरा पहारा आहे : पी५३. डीएनएला इजा झाली किंवा विभाजन भलत्या वेळी सुरू झालं तर पी५३ पेशीला थांबवतं, आणि दुरुस्ती शक्य नसेल तर मरायला लावतं. म्हणून विषाणूला पी५३चाही बंदोबस्त करावा लागतो. ते काम ई६चं.

पी५३ सापडलं ते विषाणूमुळेच, हे मला अजूनही विलक्षण वाटतं. १९७९ साली एसव्ही४० या माकडांच्या विषाणूवर काम करणाऱ्या काही गटांना दिसलं की विषाणूचं मोठं टी प्रथिन बाहेर ओढलं की त्याच्याबरोबर पेशीचंही एक प्रथिन ओढलं जातं. तेव्हा मोजलेलं वजन साधारण ५३ हजार डाल्टन (रेणूंच्या वजनाचं एकक), म्हणून पी५३. जवळजवळ दहा वर्षं लोक त्याला कॅन्सर करणारं जनुक समजत होते, कारण प्रयोगशाळांमध्ये ज्या प्रती फिरत होत्या त्यांतल्या बऱ्याच बिघडलेल्या होत्या. १९८९च्या सुमारास कळलं की धड असलेलं पी५३ उलट कॅन्सर रोखतं. माझ्या दृष्टीनं याचा अर्थ असा : आठ प्रथिनांवर जगायचं असेल तर भलत्याचा हात धरून चालत नाही. विषाणू ज्याला धरतो तो पेशीतला महत्त्वाचा माणूस असतो.

हाराल्ड त्सुर हाउजेन यांच्या गटानं १९८३ साली गर्भाशयमुखाच्या गाठींतून एचपीव्ही १६ शोधला, पुढच्या वर्षी १८. २००८चं नोबेल त्यासाठीच. १९९० साली दिसलं की ई६ असेल तिथे पी५३ भराभर नाहीसं होतं.

नाहीसं कसं होतं, इथे खरी गंमत आहे. ई६कडे कात्री नाही. ते काहीच तोडत नाही.

मुंबईतलंच उदाहरण देते. पावसाळ्याआधी पालिका अतिधोकादायक इमारतींची यादी काढते, सी-१ म्हणतात त्या. नोटीस लागते, इमारत रिकामी होते, मग पाडणारे येतात. पाडणारे नोटीस बघतात, भिंत ठोकून बघत नाहीत. पेशीतही तसंच आहे. नको असलेल्या प्रथिनावर युबिक्विटिन नावाची ७६ अमिनो आम्लांची चिठ्ठी लागते, एकावर एक अशी माळच लागते, आणि मग प्रोटिअझोम नावाचं यंत्र ते प्रथिन चिरून टाकतं. (ही व्यवस्था उलगडणाऱ्या तिघांना २००४चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.) चिठ्ठी लावणारी प्रथिनं पेशीत शेकडो आहेत, प्रत्येकाचं गिऱ्हाईक ठरलेलं. त्यांतलं एक ई६एपी. निरोगी पेशीत ई६एपी पी५३च्या वाटेला जात नाही, पी५३वर चिठ्ठी लावणारा वेगळाच असतो. ई६ येतं, ई६एपीच्या कोपराला धरतं आणि त्याला पी५३च्या दारात नेऊन उभं करतं. तो आपलं नेहमीचं काम करतो. इमारत भक्कम असते, तरी पडते.

तर मावशी, सर्दीचा विषाणू पेशीत शिरतो, प्रती काढतो, बाहेर पडतो आणि तुझं शरीर त्याला हाकलून देतं. एचपीव्हीसुद्धा बहुतेकींच्या शरीरातून वर्षा-दोन वर्षांत जातो. थोड्याजणींत तो वर्षानुवर्षं राहतो. तितकी वर्षं पहारा बंद असतो. त्या काळात पेशीच्या डीएनएत ज्या चुका होतात त्या थांबवायला कुणी नसतं, त्या साठत जातात. गाठ व्हायला बऱ्याचदा वीस वर्षंही लागतात. तुला गाठ व्हावी हा त्याचा हेतू नव्हता. गाठीतल्या पेशींत नवे विषाणू तयारही होत नाहीत, त्याच्यासाठी ती बंद गल्ली आहे.

माझ्या प्रयोगाबद्दल कुणाला रस असेल तर प्रतिसादांत लिहीन.

---

माटुंगा_बारावी | सोमवार, रात्री ११:३२

ताई, खूप सोप्या भाषेत लिहिलंय. एक शंका. प्रथिनांना डोळे नाहीत. ई६ला कसं कळतं की हाच ई६एपी? पेशीत तर हजारो प्रथिनं असतात ना?

---

कोल्डरूम | मंगळवार, सकाळी ७:०५

प्रश्न चांगला विचारलास. कळत काहीच नाही. पेशीत सगळं एकमेकांवर आपटत असतं, सेकंदाला असंख्य वेळा. बहुतेक आपटणी निसटून जातात. जिथे दोन पृष्ठभाग जुळतात तिथे जोडी टिकते. जुळतात म्हणजे एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यात बसतो, धन भारासमोर ऋण भार येतो, आणि पाण्यापासून दूर राहू पाहणारे तेलकट भाग एकमेकांना बिलगतात. शेवटचं सर्वांत जास्त मोलाचं.

ई६च्या दोन भागांत प्रत्येकी एक जस्ताचा अणू बसलेला असतो, त्यानं त्याची घडी टिकते. त्या दोन भागांच्या मध्ये एक खोबण आहे. ई६एपीच्या साखळीत एक छोटं वळसेदार टोक आहे. त्यात ल्युसीन, मग कुठलीही दोन अमिनो आम्लं, मग पुन्हा ल्युसीन, ल्युसीन. ल्युसीन तेलकट असतं. ते टोक त्या खोबणीत बसतं. २०१६ साली ई६, ई६एपी आणि पी५३ या तिघांची एकत्र स्फटिकरचना प्रसिद्ध झाली तेव्हा दिसलं की एकटं ई६ पी५३ला नीट पकडत नाही आणि एकटं ई६एपीही नाही. दोघं जुळले की पी५३साठी जागा तयार होते. मला रसायनशास्त्रात एवढं सुंदर दुसरं काही माहीत नाही.

माझा प्रयोग यावरच आहे. त्या खोबणीतलं एक अमिनो आम्ल बदललं. मग पेशी फोडल्या, ई६ला चिकटणाऱ्या अँटिबॉडीचे (ठरावीक प्रथिनाला धरणारं प्रथिन) मणी टाकले, रात्रभर चार अंशांवर कोल्ड रूममध्ये फिरवले (मे महिन्यात मी बॅगेत स्वेटर घेऊन फिरते, गाडीतले लोक बघतात), धुतले आणि मण्यांबरोबर काय काय ओढलं गेलं ते वेस्टर्न ब्लॉटवर पाहिलं (प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी करून अँटिबॉडीनं पट्टीच्या रूपात दाखवणारी चाचणी). मूळच्या ई६बरोबर ई६एपीची पट्टी, बदललेल्याबरोबर रिकामी जागा. मी म्हटलेली पट्टी ती.

---

परळकर | मंगळवार, सकाळी १०:१५

कोल्डरूम, लेख दोनदा वाचला. मी परळच्या हाफकिन संस्थेत तंत्रज्ञ म्हणून तीस वर्षं काम केलं, निवृत्त होऊनही आता बरीच वर्षं झाली. तुमच्या मावशी रेडिएशनला जात होत्या तिथून आमचं आवार चालत पाच-दहा मिनिटांवर.

तुमचं एक वाक्य मला थोडं अपुरं वाटलं. पेशीतली महत्त्वाची माणसं विषाणूंनी दाखवली, कबूल. पण सापांनीही दाखवली. आमच्याकडे सर्पविषावरचं सीरम व्हायचं. घोड्याला विष अगदी थोडं थोडं वाढवत टोचायचं, त्याच्या रक्तात त्या विषाला धरणारी प्रथिनं तयार होतात. ती काढायची, शुद्ध करायची, बाटलीत भरायची. माणसाला नाग चावला की हे प्रथिन त्या विषप्रथिनाला धरतं. सगळा खेळ प्रथिनानं प्रथिन धरण्याचाच.

विष शरीरात काय करतं? नागाच्या नि मण्यारीच्या विषात साठ-सत्तर अमिनो आम्लांची छोटी प्रथिनं असतात. मज्जातंतू स्नायूला जिथे निरोप देतो तिथल्या ग्राहकाला (निरोप घेणाऱ्या प्रथिनाला) ती जाऊन घट्ट बसतात. निरोप पोचत नाही, श्वासाचे स्नायू थांबतात. तैवानकडच्या मण्यारीच्या विषातलं असंच एक प्रथिन वापरून १९७०च्या सुमारास तो ग्राहक पहिल्यांदा वेगळा काढला, विजेरी ईल माशातून. त्याआधी तो आहे असं सगळे मानत होते, हातात कुणाला मिळाला नव्हता. साप ज्याला धरतो तोही महत्त्वाचा माणूस असतो.

आमच्या संस्थेबद्दलही थोडं लिहितो, नव्या मुलांना माहीत नसतं. १८९६च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन ऑक्टोबरात मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या तुटपुंज्या जागेत लस तयार केली. १० जानेवारी १८९७ला ती पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वयंसेवकांना. १८९९ साली प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली, १९२५ साली त्यांचं नाव दिलं गेलं. त्या माणसाला लशीमुळे शरीरात कोणतं प्रथिन तयार होतं हे ठाऊक नव्हतं, तरी ते स्वतःच्या अंगावर तपासायची त्याची तयारी होती. मी रोज त्या जिन्यानं चढत असे, आणि एकदाही हे विसरून चढलो नाही.

---

कोल्डरूम | मंगळवार, दुपारी १:४०

काका, सापांचं मान्य. वाक्य मागे घेते. विष आणि विषाणू दोघांकडे सामान थोडं असतं आणि परिणाम मोठा साधायचा असतो, म्हणून दोघांची बोटं नेमकी नाडीवर पडतात.

आणि अँटिबॉडीबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून लक्षात आलं की माझी सगळी पीएचडी त्याच तत्त्वावर उभी आहे. मला पट्टी दिसते ती सशाच्या किंवा उंदराच्या अँटिबॉडीमुळेच.

---

सेंट्रिफ्यूज | मंगळवार, रात्री ९:२०

मीही याच धंद्यातला, यीस्टवाला. थोडं कडक बोलतो, राग मानू नका.

एका पट्टीवर विश्वास किती ठेवायचा? पेशीत बाहेरून प्लाझ्मिड (जनुक वाहून नेणारी डीएनएची लहान गोल माळ) टाकून ई६ भरमसाट बनवलं की ते वाटेल त्याला चिकटतं. पेशी फोडल्यावर जी प्रथिनं एरवी वेगवेगळ्या खोल्यांत असतात ती एकाच भांड्यात येतात, तिथे जुळलेली जोडी खऱ्या आयुष्यात कधी भेटलेलीही नसते. १९८९ साली टू-हायब्रिड पद्धत आली तेव्हा सगळ्यांना हर्ष झाला होता. यीस्टमधल्या गॅल४ प्रथिनाचे दोन तुकडे करायचे, एक तुकडा 'बेट'ला (आमिष, म्हणजे आपलं प्रथिन) जोडायचा, दुसरा 'प्रे'ला (भक्ष्य, म्हणजे जे जुळतं का ते बघायचं ते). बेट आणि प्रे जुळले तर तुकडे जवळ येतात, जनुक चालू होतं, वसाहत वाढते. एका झटक्यात हजारो जोड्या तपासता येतात. आणि त्यांतल्या पुष्कळ खोट्या निघतात. मी स्वतः एका खोट्या जोडीमागे दीड वर्ष फिरलोय.

तर विचारतो : उलट बाजूनं ओढून पाहिलंत का? ई६एपी ओढल्यावर ई६ येतं का? आणि अँटिबॉडी तपासली होती का?

---

कोल्डरूम | मंगळवार, रात्री ११:०५

राग कसला, हे प्रश्न माझ्या गाईडनीही विचारले नव्हते इतक्या सरळ.

अँटिबॉडीचीच गोष्ट सांगते, ती सांगायला अजून जड जातं. पहिले चौदा महिने मी ई६एपीसाठी बाजारातली एक अँटिबॉडी वापरत होते. महाग होती, पत्रकावर सुरेख एकच पट्टी, शंभर हजार डाल्टनच्या आसपास, म्हणजे ई६एपीच्याच वजनाची. मला प्रत्येक वेळी पट्टी दिसायची. बदललेल्या ई६बरोबरही दिसायची. मी वर्षभर त्याचा अर्थ लावत बसले की खोबण बदलली तरी जोडी टिकते, म्हणजे आजवरचं सगळं वाङ्मय चुकलंय. तसा सेमिनारही दिला.

मग दुसऱ्या एका लॅबमधून ई६एपीचं जनुक काढून टाकलेल्या पेशी मिळाल्या. त्या पेशींत ई६एपी नाहीच. ब्लॉट केला. पट्टी तशीच, ठळक. ती अँटिबॉडी त्याच वजनाच्या भलत्याच प्रथिनाला धरत होती. मी चौदा महिने दुसऱ्याच कुणाचा फोटो बघत होते. त्या संध्याकाळी कोल्ड रूमचं दार लावून आत रडले, आणि दुसऱ्या दिवशी कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही.

तेव्हापासून नियम : जिथे ते प्रथिन नाही अशी पेशी प्रत्येक ब्लॉटमध्ये. गेल्या मंगळवारच्या ब्लॉटमध्ये ती होती, नव्या अँटिबॉडीनं तिथे काहीही दिसलं नाही. म्हणून वर लिहिलं की यायला नको तिथे पट्टी आली नाही. त्या रिकाम्या जागेचाच मला जास्त आनंद झाला.

उलटी ओढ बाकी आहे, शुक्रवारी करतेय. आणि बाहेरून टाकलेल्या ई६चा मुद्दा बरोबर आहे, म्हणून पुढचं काम हेला पेशींवर, त्यांत एचपीव्ही १८चं ई६ पेशीच स्वतः बनवत असते, १९५१ पासून. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : हेला पेशी हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकन स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून आल्या, तिला न विचारता घेतल्या होत्या. मी फ्लास्क उघडताना दर वेळी मावशी आठवते.)

---

सेंट्रिफ्यूज | मंगळवार, रात्री ११:३०

जनुक काढलेल्या पेशींचा कंट्रोल असेल तर माझा आक्षेप निम्मा संपला. उरलेला शुक्रवारी. हेलामध्ये विषाणूची ई६-ई७ बंद केली की इतकी वर्षं झोपलेलं पी५३ परत जागं होतं आणि पेशी वाढायच्या थांबतात, हे निकाल वाचले असतीलच. पन्नास वर्षं वाढणाऱ्या पेशी दोन प्रथिनं काढल्यावर थांबतात. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा उठून खोलीत फेऱ्या मारल्या होत्या.

---

चुनाभट्टी | बुधवार, दुपारी ३:१०

मी विज्ञानातली नाही. पण माझी मोठी नणंद टाटा मेमोरियलच्या त्या व्हिनेगरवाल्या तपासणीत आरोग्यसेविका होती, म्हणून लिहिते. १९९८ पासून मुंबईतल्या वस्त्यांमध्ये चाललं होतं. अभ्यासात सगळ्या मिळून दीड लाख बायका होत्या, त्यांतल्या निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी तपासणी. डॉक्टर नाहीत, दहावी झालेल्या बायकांना शिकवून तयार केलं होतं. गर्भाशयमुखाला पातळ व्हिनेगर लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग दिसला तर पुढे पाठवायचं. २०१३ साली निकाल आला तेव्हा तपासणी झालेल्या वस्त्यांत या कॅन्सरनं होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी निघाले. नणंद सांगते की सर्वांत अवघड काम पांढरा डाग ओळखणं नव्हतं, बाईला घराबाहेर काढणं होतं. "मला काही होत नाही" म्हणायच्या. नवरा घरी नाही, नळाला पाणी यायची वेळ झाली, अशी शंभर कारणं.

दोन प्रश्न. व्हिनेगरनं पांढरं का होतं? आणि माझी मुलगी अकराची आहे, लस द्यावी का?

---

कोल्डरूम | बुधवार, रात्री ८:४५

ताई, तुमच्या नणंदेला माझा नमस्कार सांगा. माझ्या एका पट्टीपेक्षा त्यांचं काम कितीतरी मोठं आहे, आणि हे मी मनापासून लिहितेय.

पांढरं होतं तेही प्रथिनांमुळेच. बिघडू लागलेल्या पेशींत केंद्रक मोठं आणि प्रथिनांनी गच्च भरलेलं असतं. आम्लानं ती प्रथिनं तात्पुरती गोठतात, दुधात लिंबू पिळल्यावर होतं तसं काहीसं, आणि उजेड आरपार न जाता परत फिरतो. निरोगी भागात इतकी दाटी नसते.

लशीबद्दल : या लशीत विषाणू नाही, त्याचा डीएनएही नाही, म्हणजे ई६-ई७ त्यात नाहीतच. विषाणूच्या कवचाचं एल१ नावाचं प्रथिन फक्त असतं. ते पुरेसं बनवलं की पाच-पाचच्या ७२ गुच्छांत आपोआप जुळून पोकळ गोळा तयार होतो, बाहेरून हुबेहूब विषाणू. शरीर त्याला धरणारी प्रथिनं तयार करतं, परळकर काकांच्या घोड्यांसारखी. पुढे खरा विषाणू आला की तो पेशीला हात लावायच्या आत धरला जातो. पुण्यात बनलेली आपली लस जानेवारी २०२३ मध्ये आली. तिच्या पत्रकाप्रमाणे ९ ते १४ वयात दोन डोस असतात. आधीच झालेला संसर्ग लस काढून टाकत नाही, म्हणून लवकर द्यायची. अकरा हे अगदी योग्य वय आहे. मुलीच्या डॉक्टरांशी बोलून घ्या, पण पुढे ढकलू नका. आणि लस घेतली तरी मोठेपणी तपासणी करायचीच.

---

मुलुंडची_आई | गुरुवार, रात्री १२:५५

एवढ्या रात्री लिहितेय कारण झोप लागत नाही. धागा वाचत होते आणि ई६एपी या नावापाशी थांबले. माझा मुलगा सात वर्षांचा आहे. त्याला अँजेलमन सिंड्रोम आहे. तो बोलत नाही, फिट्स येतात, चालताना तोल जातो. पण हसतो, खूप हसतो. तीन वर्षं आम्हाला सांगत होते की मुलगे उशिरा बोलतात. मग जनुकांचा रिपोर्ट आला, त्यात यूबीई३ए लिहिलं होतं आणि खाली बारीक अक्षरांत त्याचं दुसरं नाव ई६एपी. तुम्ही लिहिताय ते हेच का? कॅन्सरचं प्रथिन आहे का ते? आणि रिपोर्टमध्ये 'आईकडून आलेली प्रत' असं लिहिलंय. चार वर्षं ते वाक्य माझ्या डोक्यात आहे.

---

कोल्डरूम | गुरुवार, सकाळी ६:१०

ताई, पहाटे वाचलं. हो, हेच प्रथिन.

आधी तुमच्या भीतीचं उत्तर. ते कॅन्सरचं प्रथिन नाही. ते चिठ्ठी लावणारं एक कष्टाळू, साधं प्रथिन आहे. विषाणूनं त्याला भलत्या दारात नेलं, एवढाच त्याचा कॅन्सरशी संबंध. नावाचं दुर्दैव असं की विषाणूवर काम करणाऱ्यांना ते आधी सापडलं, म्हणून 'ई६शी जोडलेलं प्रथिन' असं नाव पडलं. १९९७ साली दोन गटांना कळलं की हेच प्रथिन नसलं की मुलांना अँजेलमन होतो. डॉ. हॅरी अँजेलमन यांनी अशा मुलांबद्दल १९६५ सालीच लिहिलं होतं, कारण सापडायला बत्तीस वर्षं लागली.

आता 'आईकडून आलेली प्रत'. आपल्याकडे बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. मज्जापेशींत या जनुकाची वडिलांची प्रत सगळ्यांतच झोपलेली असते. तुमच्यात, माझ्यात, सगळ्यांत. फक्त आईची प्रत काम करते. म्हणून बिघाड त्या प्रतीत असला तर मेंदूत ते प्रथिन बनत नाही. अनेक मुलांत हा बिघाड नव्यानंच होतो, आईत नसतोच. आणि काही वेळा आईत असतो तेव्हा तो तिला तिच्या वडिलांकडून आलेला असतो, तिच्या मेंदूत ती प्रत झोपलेलीच असते, तिला कधी काही जाणवत नाही. यात तुम्ही केलेलं किंवा टाळू शकला असता असं काहीही नाही. काहीही नाही, ताई. तुमच्या बाबतीत यांतलं कोणतं हे जेनेटिक काउन्सेलर तुमचा रिपोर्ट बघून सांगतील, एकदा नक्की भेटा.

वडिलांची प्रत नुसती झोपलेली आहे, तुटलेली नाही. एक लांब आरएनए (डीएनएवरून उतरवलेली प्रत) तिला गप्प ठेवतो. तो आरएनए काढून टाकायचा आणि वडिलांची प्रत जागी करायची, यावर काम चालू आहे. उंदरांमध्ये ती जागी झालेली आहे, मुलांवरच्या चाचण्या परदेशात सुरू आहेत. मी आशा विकत नाही, चाचणी म्हणजे उपचार नव्हे. पण ज्या दारावर लोक ठोकताहेत ते दार आहे, भिंत नाही.

तुमच्यामुळे मला माझ्याच कामातलं एक वाक्य आज बदलावंसं वाटतंय. प्रस्तावात मी लिहिलंय की ई६एपी बंद करणारं औषध गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर चालेल. तुमच्या मुलाच्या मेंदूत ते बंद आहे, आणि त्याचा अर्थ काय ते तुम्ही रोज बघता. ई६एपीला हात लावायचा नाही. ई६ची खोबण बुजवायची, म्हणजे ते ई६एपीला धरू शकणार नाही आणि ई६एपी आपलं काम करत राहील. जोडी तोडायची, माणूस नाही.

---

सेंट्रिफ्यूज | गुरुवार, सकाळी ९:००

खोबणीत बसणाऱ्या छोट्या रेणूंवर काही गट काम करताहेतच. तुमच्या बदललेल्या ई६चा निकाल तिथे थेट कामाचा आहे. प्रस्ताव बदलाच.

---

परळकर | गुरुवार, सकाळी ११:२५

मुलुंडच्या ताई, माझ्या ओळखीत एक कुटुंब आहे, त्यांचा मुलगाही असाच, आता मोठा आहे. त्याला पाण्याचं वेड. या मुलांना पाणी फार आवडतं म्हणतात. तुमच्याकडेही आहे का?

---

मुलुंडची_आई | गुरुवार, रात्री ९:४०

हो काका. बादली, नळ, पावसाचं डबकं, काहीही चालतं. जुहूला नेलं की लाटेसमोर उभा राहून दोन्ही हात हलवत हसतो, भेळवाले ओळखतात आता. लोक बघतात, मला पूर्वी लाज वाटायची, आता वाटत नाही.

कोल्डरूम ताई, तुमचं उत्तर मी मिस्टरांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते 'आईकडून'वालं दोनदा वाचायला लावलं त्यांनी. मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

---

कोल्डरूम | शनिवार, रात्री १०:१५

उलटी ओढ झाली. ई६एपी ओढल्यावर मूळचं ई६ आलं, बदललेलं नाही आलं, ई६एपी नसलेल्या पेशींत काहीच नाही. सेंट्रिफ्यूज, उरलेला आक्षेप मागे घ्या. आता हेला.

आज मावशीकडे गेले होते. पूर्ण धागा वाचून दाखवला, तिचा चष्मा दुरुस्तीला दिलाय. सी-१ची नोटीस तिला लगेच समजली, त्यांच्या जुन्या चाळीला लागली होती. पी५३पाशी थांबवून म्हणाली, "म्हणजे माझा पहारेकरी धडधाकट होता." मी म्हटलं, हो. व्हिनेगरचं ऐकून म्हणाली की आमच्या वस्तीत कुणी आलं नाही. मुलुंडच्या ताईंचं सगळं ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "त्या मुलाला घरी काय म्हणून हाक मारतात?"

---

मुलुंडची_आई | शनिवार, रात्री ११:०२

सोन्या. मावशींना सांगा, सोन्या म्हणतो आम्ही.